आमची डबी अन् थोरलीचं धूड

७ जानेवारी

ही डायरी माझ्या लेकाला, कल्याणला, खताच्या दुकानात फुकट भेटली. मागच्या सालाची आहे. वार जुळत न्हाईत म्हणून मी वार खोडून राह्यले. नात तृप्ती लग्न होऊन केदारखेड्याला गेली तेव्हा म्हणली होती, आज्जी, माझ्याशी बोलावं वाटलं की लिहीत जा. मी चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर कोंबडीच्या पायासारखं. पण आज लिहिल्याशिवाय राहवंना. आमच्या दारात गाडी आली!

लाल आहे. कुंकवाच्या करंड्यासारखी. बटण दाबलं की काच आपोआप खाली जाते, आत गार वारा सुटतो. कल्याणनं मला पुढं बसवलं अन् वाटूर फाट्यापर्यंत नेऊन आणलं. पट्टा लावला न्हाई तोवर गाडी टुंग टुंग करून बोंबलत होती. मी म्हणले, "कल्याण, हिला गप कर. एवढं टोकणारी सून असती तर मी माहेरी धाडली असती." सून मीना मागंच बसल्ती. तिनं ऐकलं. ऐकू दे.

घरी येऊन चाकाखाली लिंबं ठेवली, मीनानं ओवाळलं, नारळ फोडला. एवढ्या चांगल्या टायमाला भिंतीवरून थोरलीचं डोकं वर आलं. थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ, द्वारकाबाई. वाटण्या झाल्यापासून आमच्यात एक भिंत आहे, अन् ती भिंत बोलायला कधी आडवी येत न्हाई.

"धाकटे, ही गाडी हाय का तंबाखूची डबी?"

मी म्हणले, "डबी तर डबी! तुमच्या धुडावाणी तिच्यात कोंबड्या तर अंडी घालत न्हाईत."

खोटं न्हाई बोलले. तिच्या पत्र्याच्या शेडात ती जुनी अँबेसिडर उभी असते, अन् मागच्या सीटावर कोंबड्या बसतात. थोरलीचं डोकं खाली गेलं. झोप चांगली लागंल आज.

१० जानेवारी

त्या धुडाचं एकदा लिहूनच टाकते. इतकी सालं पोटात साचलंय.

पांढरं होतं, आता ताकाच्या रंगाचं झालं. पुढचं टोपण बैलाच्या वशिंडासारखं फुगलेलं. दार लावलं की बंदुकीवाणी आवाज. गियर म्हणे स्टेअरिंगलाच, अन् ते वळवायला दोन माणसांचं बळ लागतं. आमची डबी एका बोटानं वळते. धूड तेल पितं म्हशीसारखं अन् चालतं बी म्हशीसारखं. डबी गल्लीत घुसती, बाभळीच्या सावलीत मावती. धूड उभं राहिलं की आख्खी गल्ली बंद.

आता ते आलं कधी ते ऐका. थोरलीची एकुलती लेक दैवशाला. गोरी होती, गाणं छान म्हणायची, माझ्याच हातचे उडदाच्या डाळीचे घुटे तिला आवडायचे. ती एकदा सासरहून जीपात बसून आली, अंगावरच्या साडीवर. थोडे दिवस राहिली. मंग म्हणली, माझं सामान तिकडंच हाय, भांडी, पेटी, ते घेऊन येते. गेली, ती काही आली न्हाई. विहिरीवर पाय घसरला म्हणे. अन् तिचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत बद्रीनाथ भाऊजींनी, थोरलीच्या मालकानं, ही एवढी मोठी गाडी दारात आणून उभी केली! लेक गेली अन् ह्यांना गाडीचा शौक सुचला. मी तेव्हाच आमच्या ह्यांना म्हणले होते, काळीज न्हाई त्या घराला.

भाऊजी गेले. गाडी राहिली. गावातली कुणाची लेक माहेरी आणायची असली की थोरली अजून गाडी काढती. आदिनाथला, तिच्या लेकाला, चालवायला बसवती अन् कुणाकडून खर्चा घेत न्हाई. मिरवायची हौस, दुसरं काय.

१४ जानेवारी

संक्रांत. थोरलीला तिळगूळ दिला. खाऊन म्हणली, "पाक कच्चा राहिला." मी म्हणले, "तुमचे दात बी."

१९ जानेवारी

आज मी नाराज आहे.

तृप्तीला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, तिला आणायला आम्ही डबी घेऊन जाणार. मी तर पुढच्या सीटावर कोणतं लुगडं नेसून बसायचं ते बी काढून ठेवलं. दुपारी फोन आला. नंबर दुसराच. पोरीनं नंबर बदलला अन् आज्जीला सांगितलं बी न्हाई. आवाज बी एवढासा, रांजणात बोलल्यावाणी.

"आज्जी, मला आणायला मोठ्या आज्जीची गाडी आण."

मी म्हणले, "काय?"

"नव्या गाडीची डिक्की केवढी हाय?"

मी म्हणले, तुझ्यापुरती बक्कळ आहे.

"माझी शिलाई मशीन मावंल का तिच्यात?"

"अगं बाळंतपणाला येऊन राह्यली का दुकान टाकायला?"

"अन् मागून काच असती ना तिला? आतलं सगळं दिसतं?"

मी म्हणले, "दिसतं तर! स्वच्छ दिसतं. आपल्याला काय चोरीचा माल न्यायचाय?" तिकडून कुणीतरी बाई म्हणली, आला गं तुझा नवरा, दे फोन. अन् कट झाला.

बघा. डबी अजून बघितली बी न्हाई पोरीनं, अन् धुडाची बाजू घेती. मीच हिला न्हाऊ घातलं, मीच आंदणात मशीन दिली, अन् हिला मोठ्या आज्जीची गाडी पाहिजे. सासरचं मोठेपण डोक्यात शिरलं. विहीणबाईंना वाटत असंल, मोठी गाडी आली की गल्लीत नाव होतं. मी न्हाई मागायला जाणार थोरलीच्या दारात. बिलकुल न्हाई.

२० जानेवारी

मागायला गेले न्हाई. सांगायला मात्र गेले, म्हणजे भिंतीपाशी. थोरली तुरीची डाळ पाखडून राह्यली होती. मी हसत हसत म्हणले, "ऐकलं का? आमची तृप्ती येडी झाली. बाळंतपणाला शिलाई मशीन घेऊन यायचं म्हणती. अन् मागून दिसणारी गाडी नको म्हणती!"

मला वाटलं, थोरली दोन शब्द टाकंल, मी चार टाकीन, दुपार चांगली जाईल. तर तिचं सूप थांबलं. माझ्याकडं बघितलं तिनं. मंग म्हणली, "फोन कुणाच्या घरून होता?"

मी म्हणले, "मला काय ठाव?"

डाळ तशीच टाकून आत गेली. कावळ्यानं खाल्ली तिची डाळ. संध्याकाळी बघते तर आदिनाथ शेडातून कोंबड्या हाकलून राह्यला. बॅटरी काढून परतूरला चार्जिंगला नेली. मी विचारलं तर म्हणला, "काकू, माय म्हणली, तृप्तीला आणायला आपली गाडी जाणार. अन् माय बी येणार."

मुराळी म्हणून! माहेराहून लेकीला आणायला जातो तो मुराळी. भाऊ असतो, चुलता असतो. ही म्हातारी कसली मुराळी? आमच्या आनंदात बी हिला पुढं बसायचंय. कल्याण म्हणला, "माय, असू दे, पोटुशी पोर आहे, मोठ्या सीटावर आडवी पडंल." मी म्हणले, मंग डबी बी येणार. मी डबीतच बसणार. दोन्ही गाड्या जाऊ द्या, बघू द्या केदारखेड्याला कोणती चांगली ते!

२ फेब्रुवारी

जाऊन आले. जिंकून आले. हात दुखेपर्यंत लिहिणार आहे.

सकाळी निघालो. पुढं आमची डबी, मागं धूड. जालन्यापर्यंत तीन डाव थांबलो, धुडाला पाणी पाजायला. टोपण उघडलं की चहाच्या टपरीवाणी वाफ. मी काच खाली करून म्हणले, "थोरले, चारा बी टाकायचा का?" ती म्हणली, "तुझ्या डबीत गुडघे तोंडाला लागून राह्यले, आधी ते सोडव." लागत होते, खरंय. पण मी सांगते का! राजूरला गणपतीला हात जोडले अन् केदारखेड्याला पोचलो.

व्याह्यांची गल्ली अरुंद. डबी सर्रकन दारापर्यंत गेली. धूड गल्लीच्या तोंडाशी अडकलं. मंग आदिनाथनं मागच्या बोळातून घालून परसदारी नेऊन उभं केलं. मला काय आनंद झाला! पाहुणा पुढच्या दारानं येतो, धूड गेलं मागच्या दारानं, गोवऱ्यांच्या ढिगापाशी.

तृप्ती दिसली. पोट दिसतं, बाकी पोर दिसतच न्हाई, इतकी वाळली. उलट्या होत असतील. माझ्या पाया पडली अन् कुशीत शिरून बराच वेळ सोडंचना. जावई प्रेम खाटेवर बसून मोबाईल बघत होते. विहीणबाई म्हणल्या, "दोन साड्या दिल्यात तिच्यासंगं. बाळ झालं की सव्वा महिन्यात परत धाडा, इथं कामाला कोण हाय?" मी म्हणले, धाडू की, त्यात काय.

चहा झाला अन् थोरलीनं सुरुवात केली. कप अजून हातात, अन् ओसरीत सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणती, "विहीणबाई, तुम्ही बघितली का आमच्या धाकटीची डबी? पोरीला पाठवायची तर जरा अदबीची गाडी आणावी माणसानं. ह्यांनी माचिसची पेटी आणली."

लोकांच्या घरी! मी काय ऐकून घेते? मी म्हणले, "तुमचं धूड रस्त्यात तीन डाव तापलं ते सांगा की!"

ती उठली. पदर खोचला. "तुझ्या मालकानं वाटणीत विहिरीचं पाणी लाटलं तेव्हापासून तुमची नियत दिसली मला!"

"अन् सासूबाईंची पाटली कुणाच्या हातात गेली?"

असं भांडण आमचं आख्ख्या हयातीत झालं न्हाई. विहीणबाई मधी पडल्या, व्याही देवळातून पळत आले, जावयांनी मोबाईल ठेवला. शेजारणी भिंतीवर चढल्या. थोरली ओसरीच्या दाराशी उभी राहून ओरडून राह्यली होती, कुणाला आत जाता येईना की बाहेर. कल्याण बिचारा "माय, माय" करून राह्यला. आदिनाथ मात्र कुठंच न्हवता. आईची बाजू घ्यायला बी आला न्हाई, बघा कसा लेक. तृप्ती बी दिसली न्हाई. लाज वाटली असंल पोरीला.

मी एक एक जुनं काढून तोंडावर मारलं. अन् तेवढ्यात मागून धाडकन डिक्कीचं झाकण वाजलं, तसं थोरलीचं तोंड बंद झालं. एकदम. पदर सोडला, डोळे पुसले अन् विहीणबाईंना म्हणली, "चुकलं आमचं. म्हाताऱ्या बायका. ओटी भरा, निघतो आम्ही."

हरली! माझ्यासमोर पहिल्यांदा हरली थोरली. पाटलीचा मुद्दा लागला तिला.

येताना तृप्ती धुडातच बसली. मी वळून वळून बघत होते. तिचं डोकं थोरलीच्या मांडीवर अन् थोरलीचा हात तिच्या केसात. जालना येईपर्यंत थोरलीनं पाणी बी पिलं न्हाई. धूड येताना एकदा बी तापलं न्हाई, त्याचा मला राग आला.

३ फेब्रुवारी

काल एक लिहायचं राहिलं. घरी आल्यावर डिक्की उघडली तर माझे डोळे फिरले. पेव उघडल्यावाणी! शिलाई मशीन, पायाच्या पट्ट्यासकट. रुखवताची पितळी भांडी. समई. पेटी. दोन गोधड्या. शाळेच्या कागदांची पिशवी. मी म्हणले, "अगं, एवढं तीन महिन्यांसाठी? अन् हे परत कोण वाहून नेणार?"

मीना डोळ्याला पदर लावून उभी. भिंतीपलीकडून थोरली ओरडली, "धाकटे, तोंड चालवू नको, समई धर!"

हुकूम करती मला. माझ्या दारात.

२१ फेब्रुवारी

तृप्तीनं मशीन खिडकीपाशी मांडली. गल्लीतल्या बायका ब्लाऊज टाकून राह्यल्या. मी म्हणले, बाळाचं अंगडं-टोपडं शिव, लोकांचं कशाला? तर हसली. आता पोर हसती, गालावर मांस आलं. माझ्या हातचे घुटे अन् भाकरी, दुसरं काय. डबीतून तिला दवाखान्यात नेतो आम्ही, सुर्रकन जातो अन् येतो. डॉक्टरीणबाई म्हणल्या सगळं बराबर आहे. धुडातून नेलं असतं तर खड्ड्यातच बाळंत झाली असती.

केदारखेड्याहून फोन आला की तृप्ती मशीन चालवायला लागती. आवाजात ऐकू येत न्हाई म्हणती.

९ एप्रिल

पणती झाली!! काळेभोर केस, मूठ घट्ट, रडायला लागली की थोरलीची आठवण येती. मी पणजी झाले. पेढे सगळ्या गल्लीत वाटले, थोरलीला दोन जास्त दिले, नंतर वाटलं एकच द्यायचा होता. केदारखेड्याला कळवलं. विहीणबाई म्हणल्या, "मुलगी का." अन् फोन ठेवला. रेंज न्हवती वाटतं.

२० मे

आज केदारखेड्याचे येणार होते, तृप्तीला न्यायला. बाळंतिणीची बोळवण करायची म्हणून मी पहाटेच डिंकाचे लाडू बांधले. बाहेर येऊन बघते तर धूड आमच्या फाटकासमोर आडवं लावलेलं! भिंतीला भिंत लावल्यावाणी. मागच्या सीटावर थोरली दार उघडं टाकून बसलेली, हातात पंखा.

मी म्हणले, "काढा हे इथून! पाहुणे यायचेत."

ती म्हणली, "गरम होतंय घरात. इथंच बसणार."

"तुमच्या शेडात बसा की!"

"शेडात कोंबड्या हायेत."

मला इतका राग आला की लाडू डब्यात भरताना दोन फुटले.

अकराच्या सुमारास ते आले. नवी गाडी घेऊन, आमच्यासारखीच छोटी, पांढरी. दोघंच, प्रेम अन् विहीणबाई. गाडी गल्लीच्या तोंडाशी राहिली, उन्हात चालत आले, धुडाच्या बाजूनं अंग चोरून आत शिरले. विहीणबाई बसल्या बी न्हाईत. म्हणल्या, "बांधा सामान. अन् घरातून चोरून आणलेली मशीन बी काढा बाहेर."

मी म्हणले, "चोरून? आंदणात मी दिलेली ती मशीन! अन् चोरून कशी, माझ्यादेखत तर..."

अन् माझं बोलणं तिथंच अडलं. माझ्यादेखत कुठं? मी तर ओसरीत पाटलीचं भांडत होते. तो धाडकन आवाज आठवला. थोरलीचा पदर आठवला, ओसरीचं दार अडवलेलं आठवलं. चहाचा कप हातात असताना भांडण काढणारी थोरली.

तृप्ती मशीनवर बसलेली होती. पाय थांबला न्हाई तिचा. खाली बघूनच म्हणली, "मशीन येणार न्हाई. मी बी न्हाई. त्या घरात मला कुलूप होतं, आज्जी. फोनला बी अन् ताटाला बी."

विहीणबाई माझ्याकडं वळल्या. "ऐकलं का तुमच्या नातीचं? सव्वा महिन्यात धाडते म्हणल्या होत्या तुम्ही!"

म्हणले होते. सगळ्यांसमोर म्हणले होते.

मी फाटकापर्यंत गेले. थोरली पंखा हलवायची थांबली होती, माझ्याकडं बघून राह्यली होती. मी तिच्या मागची ती मोठी सीट बघितली, एक लेक तिच्या पेटीसकट, भांड्यांसकट बसंल एवढी.

मंग मी विहीणबाईंना म्हणले, "गाडी मात्र झकास घेतली तुम्ही. छोटी. आमची बी तशीच हाय, मला लई आवडती. आलात दोघं, जाल दोघं. तिसऱ्याला अन् चौथ्याला जागाच न्हाई तिच्यात. लाडू न्या चार, उन्हाचं चालायचंय."

प्रेम काही बोलायला गेले तर कल्याण अन् आदिनाथ दोघंबी उठून उभे राहिले. बसूनच होते तोवर. विहीणबाई लई बोलल्या, जे बोलल्या ते बाळाच्या कानावर जाऊ नये म्हणून मीनानं बाळाला आत नेलं. लाडू नेले न्हाईत त्यांनी.

ते गेल्यावर थोरली सीटावरूनच म्हणली, "दैवशालाच्या टायमाला जीपात जागा न्हवती. म्हणून सामान राहिलं होतं तिचं." एवढंच. अन् पंखा हलवायला लागली.

मी तिच्याशेजारी जाऊन बसले. सीट मऊ आहे, मला कधी माहीतच न्हवतं. तिला लाडू दिला. म्हणली, "डिंक जळला."

आदिनाथ चावी घेऊन आला, गाडी शेडात लावतो म्हणला.

मी ओरडले, "हात लावू नको! राहू दे तिथंच."

थोरली म्हणली, "सकाळी तर काढा म्हणत होतीस."

"सकाळी म्हणत होते. आता न्हाई म्हणून राह्यले. अन् थोरले, ते दार लावून घ्या तिकडचं, कोंबड्या शिरतील."